राळेच्या पेटीला आलेला संशय

“आधी उजवा पाय, मग डावा. बोटं दाबायची, टाच घासायची, बाहेर पडताना पाय हलकेच झटकायचा. आणि राळेशी घाई करायची नाही, बाळांनो. ती धरून ठेवते, पण तिच्यापाशी घटकाभर उभं राहावं लागतं.”

मित्रांनो, हा आवाज नाचाच्या बाईंचा. सव्वीस वर्षं मी तो ऐकते आहे. दर वर्षी नवी मुलं येतात, त्यांच्यापुढे बाई हेच शब्द बोलतात, आणि दर वर्षी एखादा वात्रट मुलगा विचारतोच, “बाई, नमस्कार पण करायचा का हिला?” बाई म्हणतात, “केलास तर तुझंच भलं होईल.”

मी एक जुनी राळेची पेटी आहे. पेटी हे आपलं नावाला. मला झाकण नाही की कुलूप नाही. चार बोटं खोल, दोन पावलं जेमतेम मावतील एवढं लाकडी तबक म्हणा ना. राळ म्हणजे चीडाच्या झाडाचा वाळलेला चीक. त्याचे मधासारखे पिवळे खडे असतात. ते कुटून त्यांचा जाडसर भुगा माझ्यात भरतात. नाचणारी मुलं माझ्यात पाय घासतात आणि मग रंगमंचाच्या गुळगुळीत फळ्यांवर त्यांचा पाय घसरत नाही.

मी राहते ती शाळा नाच, गाणं, नाटक शिकवणारी आहे. सकाळी गणित आणि भूगोल, दुपारी तालीम. मला सुतारकाकांनी घडवलं, तेही एका नाटकातल्या मोडक्या जिन्याच्या फळ्यांतून. त्या जिन्यावरून एक राजा रोज वर जायचा. एक दिवस जिना मोडला, राजा खाली आला आणि माझा जन्म झाला! माझ्या एका कडेला सोनेरी रंगाचा ओघळ आहे, तो त्या राजवाड्याचा. माझी जागा ठरलेली, उजव्या विंगेत, पडद्याच्या दोराखाली.

माझा नेम एकच. येईल त्या पावलाला धरायचं. गोरं-काळं, हुशार-ढ, लाडकं-दोडकं असं मी कधी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला ते दिसतच नाही. मी जमिनीवर असते, त्यामुळे गुडघ्याच्या वरचं माणूस मला ठाऊक नाही. मी माणसं ओळखते ती पावलांवरून. सुतारकाकांचा डावा जोडा करकरतो. कपडेपटातल्या मावशी पोशाख सांभाळता सांभाळता फरफटत चालतात. बाईंच्या टाचा टक्, टक्, टक्. माझ्यात राळ भरण्याचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. रोज सकाळी स्वतः डबा आणतात, आजवर एक दिवस खाडा नाही.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र बाईंचं वागणं मला खटकू लागलं होतं. माझ्याजवळ आल्या की त्या आधी पायाच्या बोटाने माझी कड ठोसायच्या. एकदा, दोनदा. मग राळ ओतायच्या, तीही कधी अर्धी बाहेर. मला वाटलं, झाली मी आता नकोशी! नवी पेटी आणायची असेल, म्हणून हा तिरस्कार. मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मला कोण विचारतो? पण मनात एकदा किल्मिष शिरलं ना मित्रांनो, की ते जागा करून बसतं.

आता त्या दोघींबद्दल सांगते. एक भिंगरी. ती अशी गिरक्या घ्यायची की पाऊल माझ्यातून निघालं कधी हे कळायचंच नाही. वार्षिक प्रयोगात मुख्य नाच तिचा. दुसरी सावली. मुख्य मुलगी आजारी पडली तर ऐनवेळी उभं राहता यावं, म्हणून एक मुलगी सगळा नाच मागे उभी राहून शिकते. ती ही. भिंगरी पुढे, ही दोन पावलं मागे, म्हणून नाव पडलं सावली. दोघी एका बाकावर बसायच्या आणि एका डब्यातलं खायच्या. सावलीची आई कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजायला होती आणि मायलेकी बेकरीच्याच माडीवर राहायच्या. शाळेने मुलीला फी न घेता ठेवलं होतं, बाईंच्या शब्दावर.

प्रयोगाच्या आठवड्यात रंगमंचाच्या फळ्यांना नवा रंग दिला. बाहेरचे जोडे आत आणायला बंदी झाली. मावशींनी करड्या कापडाच्या सपाता शिवल्या आणि झाडून सगळी शाळा त्या सपातांत फिरू लागली. झालं! ना करकर, ना टक्-टक्. सगळी पावलं एकसारखी, मांजरासारखी. मी आंधळीच झाले म्हणा ना. कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता लागेना. माझा संशयी स्वभाव मात्र त्या आठवड्यात चांगलाच पोसला गेला.

रंगीत तालमीच्या दिवशी सकाळी एक सपातांची जोडी आली. पायाच्या बोटाने माझी कड चाचपली. वरून भुगा पडला. पण तो राळेसारखा खरखरीत नव्हता. मऊ होता, पिठासारखा. अंगावरून नुसता निसटत होता. मी मनात म्हटलं, हे काय नवीन? आणि ही जोडी कुणाची?

दुपारी दुसरी जोडी आली. माझ्यात पाय न घालता कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग एक हात खाली आला. मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून मी ओळखलं, ही सावली. आईला भट्टीवर मदत करताना तिला तो लागला होता. तिने चिमूटभर भुगा उचलला, बोटांत चोळला आणि तशीच पळत सुटली.

आणि मागाहून दहा मिनिटांत भिंगरी आली. तालीम वेळेआधीच सुरू झाली होती. ती माझ्यात उभी राहिली. उजवा पाय, मग डावा. मी तिला धरू पाहत होते, मित्रांनो, पण माझ्यात धरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या गिरकीला पाय सटकला. फळ्यांवर धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ “आई गं!”

पळापळ झाली. कुणीतरी माझ्यात हात घालून ओरडलं, “बाई, ही राळ नाहीच! मावशींची पावडर आहे, घट्ट बाह्या चढवायची!” आणि त्याच क्षणी विंगेच्या दारात सावली येऊन उभी राहिली. तिच्या हातात दोन डबे लोंबत होते. एक लाल झाकणाचा, राळेचा. दुसरा निळ्या झाकणाचा, पावडरीचा.

“मुद्देमालासकट सापडली की!” एक मुलगा म्हणाला.

“सावलीला ऊन हवं होतं,” दुसरीने टोमणा मारला.

“मी ही पावडर काढून राळ भरायला आले होते,” सावली पुटपुटली. “मला कळलं तेव्हा मी धावत…”

“कळलं म्हणजे? भरली कुणी?” बाईंनी विचारलं. “मी सकाळी स्वतः राळ भरली आहे. त्यानंतर इथे कोण आलं?”

सावलीच्या सपाता वळल्या आणि बाईंच्या सपातांसमोर येऊन थांबल्या. किती वेळ!

“तूच ना? बोल ना गं!” फळ्यांवर बसलेली भिंगरी रडत म्हणाली. “तुला नाच हवा होता तर मागायचास. माझा पाय कशाला मागितलास?”

तरी ती गप्पच. आणि मीही मनात निकाल देऊन टाकला. चोराच्या मनात चांदणं! नाहीतर चिमूट घेऊन पळाली कशाला? बोलत का नाही? सकाळची जोडीही हिचीच असणार. एकेक गोष्ट मी अशी चपखल बसवली की विचारू नका.

संध्याकाळी शाळा सुटताना सावलीची आई आली. अंगाला पिठाचा वास, पायात बेकरीतल्या रबरी चपला. दारातच उभी राहिली, फळ्यांवर आली नाही.

“बाई, मुख्याध्यापक म्हणतात उद्या बाराच्या घंटेला नाव खोडणार. माझी पोर घरी तोंड उघडत नाही. एवढंच म्हणते, आई, मी केलं नाही आणि मी सांगणार नाही. आता ह्याचं मी काय करू?”

“सावलीच्या आई, पुरावा समोर होता.”

“असेल. पण तुम्ही देवमाणूस, म्हणून मागते. उद्या चूक दुसऱ्या कुणाची निघाली तर?”

“तर मी स्वतः चालत तुमच्या दारी येईन आणि तुमच्या मुलीला हाताला धरून परत आणीन. हा शब्द माझा.”

“बरं,” ती म्हणाली. आणि चपला फटफटवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारकाकांनी मला उचललं. आतली पावडर झटकली, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि सुकायला उंच टेबलावर ठेवलं. मित्रांनो, घडवल्या दिवसानंतर मी जमिनीवरून उठले ती तेव्हाच. मला माणसांचे चेहरे दिसले! सुतारकाकांना एवढ्या मिशा आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

इतक्यात बाई आल्या. मी त्यांचा चेहरा पाहतच राहिले. मनात रंगवला होता तसा तो मुळीच नव्हता. लहानसा, थकलेला, प्रेमळ. आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत दुधाचा थेंब पडावा तसं काहीतरी पांढुरकं.

“काका, पेटी सुकली असेल तर भरून टाकते,” बाई म्हणाल्या.

त्या कपाटाकडे गेल्या. कपाटात दोन डबे शेजारी शेजारी होते. प्रयोगाच्या गडबडीत मावशींनी आपला डबाही त्याच कपाटात ठेवायला सुरुवात केली होती. बाईंनी हात पुढे केला, एक डबा उचलला, झाकण काढलं आणि माझ्यावर वाकल्या.

“बाई,” सुतारकाका हळूच म्हणाले, “निळं झाकण आहे ते.”

“काहीतरीच काय? लाल आहे की.”

सुतारकाकांनी दुसरा डबा आणून शेजारी ठेवला. बाईंनी दोन्ही झाकणं डोळ्यांजवळ नेली. मग खिडकीपाशी नेली. मग एका डब्यात बोटं घालून चोळली, दुसऱ्यात घालून चोळली. एक भुगा बोटांना चिकटला. दुसरा निसटला.

“कधीपासून आहे हे?” काकांनी विचारलं.

“दिवाळखोरासारखी लपवत होते,” बाई म्हणाल्या. “प्रयोग झाला की दाखवीन, सुट्टी लागली की दाखवीन. नाचाच्या बाईला दिसत नाही म्हटल्यावर वर्ग कोण ठेवतं हो माझ्याकडे?” त्या टेबलाला धरून खाली बसल्या. “आणि त्या पोरीला ठाऊक होतं. परवा तिनेच माझ्या सुईत दोरा ओवून दिला होता. म्हणाली, बाई, डॉक्टरकडे जा ना. मी तिला म्हटलं, कुणाला बोललीस तर बघ.”

काका नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले.

“सगळ्यांदेखत तिने माझ्यापुढे उभं राहून ऐकून घेतलं. आणि मी तिला पुरावा दाखवत होते!”

मित्रांनो, मला त्या क्षणी पुन्हा जमिनीवर जावंसं वाटलं. सकाळची ती जोडी बाईंचीच होती. पायाच्या बोटाने कड चाचपणारं या शाळेत दुसरं कोण आहे? ते मला ठोसणं नव्हतंच, त्या मला शोधत होत्या. सव्वीस वर्षांची ओळख माझी, आणि एका सपातेने मला फसवलं? नाही, सपातेने नाही. मला संशय घ्यायचाच होता, म्हणून कळत असूनही कळलं नाही. जी मुलगी मला वाचवायला, भिंगरीला वाचवायला धावली, तिचं धावणं मी पळणं समजले. एक चिमूट बोटांत चोळून पाहायचा धीर तिच्यापाशी होता. आमच्यापैकी कुणापाशीच नव्हता.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. माझी निगा नीट राखा, माझ्यात केर टाकू नका, ते तर आहेच. पण कुणाबद्दल मन गढूळ होईल, तेव्हा आधी त्याच्यापाशी घटकाभर उभे राहा. त्याचा चेहरा पाहा. तुम्हाला तो दिसतो. माझ्यासारखी तुमची अडचण नाही.

बाई उठल्या. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

“काका, तुम्ही मुख्याध्यापकांकडे जा. म्हणावं, नाव खोडू नका. कारण मी येऊन सांगते, सगळ्या मुलांसमोर सांगते. आणि भिंगरीच्या घरीही निरोप धाडा, संध्याकाळी मी येते आहे म्हणून.”

“तुम्ही एकट्या कुठे निघालात? बेकरीचा जिना अरुंद आहे. मी येतो ना कोपऱ्यापर्यंत.”

“तुम्ही माझ्याबरोबर आलात तर तिकडे घंटा होईल. पायऱ्या किती आहेत तेवढं सांगा.”

“एकोणीस. वळणावरची एक जरा उंच आहे.”

“एकोणीस,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. “वळणावरची उंच.”

त्यांनी करड्या सपाता काढून भिंतीशी जोडीने ठेवल्या. बाहेरचे जोडे चाचपून पायात घातले, नाड्या बांधल्या. सुतारकाका मुख्याध्यापकांच्या खोलीकडे धावले. बाईंनी दाराचा उंबरा पायाच्या बोटाने शोधला, भिंतीला हात लावला आणि त्या एकट्याच हळूहळू बेकरीच्या दिशेने चालू लागल्या.