दाराला टेकवलेला खराटा

राष्ट्राचा आत्मा त्याच्या नाण्यांवर कोरलेला असतो, असं नाणे-समितीचे अध्यक्ष स्टेनरोस प्रत्येक बैठकीत म्हणत. तो आत्मा अर्थात साडेतीन सेंटिमीटरांत बसवावा लागे, तोही कडेला जागा सोडून.

यंदाच्या स्मारक नाण्याचा विषय होता 'जिवंत खेडं'. शिल्पकार हिल्क्काने पेटायावारा गावातलं आपल्या भावाचं, वाल्तोचं घर काढलं: बंद दार, आणि त्याला आडवा टेकवलेला बर्चच्या काटक्यांचा खराटा. आमच्या खेड्यांत कुलूप कोण लावतो? दाराला खराटा टेकवला की घरात कोणी नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वाल्तो त्या गावातला शेवटचा माणूस. मार्चमध्ये त्याला पुरून आल्यावर हा खराटा हिल्क्कानेच टेकवला होता. गाव संपलं, हे निदान चांदीवर तरी खरं लिहिलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

"वा, खराटा!" स्टेनरोस म्हणाले. त्यांचा जन्म हेलसिंकीतला, चौथ्या मजल्यावरचा. "स्वच्छता! कष्ट! स्वावलंबन!"

"घरात कोणी नाही," हिल्क्का म्हणाली.

"असेल हो, मागे गोठ्यात असेल. फक्त एक करा, हिल्क्काबाई. खराटा जरा बाजूला घ्या अन् दार किलकिलं ठेवा. म्हणजे कसं, घरधनी आत्ताच अंगण झाडून आत गेलाय, कॉफी टाकलीय, असं वाटेल."

हिल्क्का भांडायच्या तयारीने आली होती. तीन वाक्यं पाठ होती. आमच्या मानाने ते भाषणच. पण 'कॉफी टाकलीय' म्हटल्याबरोबर तिला वाल्तोच ऐकू आला: "आलीस? बूट काढ आधी. आणि माझं थोबाड नाण्यावर घालू नकोस हं, दुकानदार सुट्टे घ्यायचे नाहीत."

ती गप्प बसली. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. समितीने तसाच धरला.

घरी येऊन तिने चित्रातला खराटा बाजूला केला, दार बोटभर उघडलं. मग, कोणी सांगितलं नसताना, धुराड्यातून धुराची एक बारीक रेघ सोडली.

प्रकाशन समारंभात स्टेनरोस त्या धुरावर बराच वेळ बोलले. तो प्रगतीचं प्रतीक निघाला.

दुसऱ्या दिवशी नाणं खिशात घालून हिल्क्का पेटायावाऱ्याला गेली. बस हमरस्त्यालाच सोडते, पुढे चालावं लागतं. अंगणात गुडघाभर गवत माजलं होतं. ती पायरी चढली.

दाराला खराटा टेकवलेला होता. घरात कोणी नव्हतं.