सोळाशे चौऱ्याहत्तरच्या पाच टिकल्या

मित्रांनो, माझ्या अंगावर बांगलादेश शोधू नका, सापडणार नाही. सोव्हिएत युनियन मात्र आहे, चांगला गुलाबी रंगाचा, ऐसपैस पसरलेला. एवढ्यावरून माझं वय तुम्ही ओळखलंच असेल. मी एक जुना पृथ्वीगोल आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून चेंडू केला आणि त्यावर होडीच्या आकाराच्या बारा कागदी पट्ट्या चिकटवल्या. माझ्या वाट्याला आलेली बाई सावकाश काम करणारी होती. हिंदी महासागरात हवेचा एक फुगा राहिला होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून हळूच किनाऱ्याला नेला आणि काढून टाकला. तो अंगठा मला अजून आठवतो. इतक्या मायेनं मला नंतर फार वर्षं कुणी हात लावला नाही.

तिथून मी न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या ग्रंथालयात आलो. ते माझे वैभवाचे दिवस! मधल्या सुट्टीत मुलं माझ्याभोवती रांग लावत. प्रत्येक मूल मला गरकन फिरवी आणि सगळ्यात आधी स्वतःच्या घरावर बोट ठेवी. तीस वर्षं हेच. शेवटी न्यू जर्सी पुसूनच गेलं, तिथे पांढरा ठिपका उरला. भारत मात्र कोरा करकरीत राहिला. तिथे कुणाचं घर नव्हतं ना!

मग संगणक आले. मला कपाटावर, कपाटावरून खोक्यात आणि खोक्यातून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये हलवलं. २००६ च्या वसंत ऋतूत वेस्ट विंडसरच्या एका गॅरेज सेलमध्ये मी ‘फुकट घेऊन जा’ लिहिलेल्या खोक्यात पडून होतो. तिथून मला केदारनं उचललं.

केदार हा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्याची बायको आसावरी आणि नऊ वर्षांची मुलगी सावनी आदल्या उन्हाळ्यातच इकडे आल्या होत्या.

मला पाहताच आसावरी म्हणाली, “अरे, हे काय उचलून आणलंस? यावर सोव्हिएत युनियन आहे!”

“असू दे गं. समुद्र तर तेच आहेत ना?”

“कुणाकुणाचे हात लागलेत देव जाणे. जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात. सावनी, थांब, हात लावू नकोस!”

तिनं मला जंतुनाशक रुमालांनी तीनदा पुसलं. आसावरी अशीच होती. दूध उकळताना, गाडी वळताना, फोन वाजताना तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटे. पण मला पुसताना तिचा हात हलका होता, हे मी खोटं बोलणार नाही. मग तिनं मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. सावनी आली, तिनं मला फिरवलं आणि बोट ठेवलं ते नागपूरवर. माझ्या उभ्या आयुष्यात नागपूरवर पडलेलं ते पहिलं बोट.

नोव्हेंबर आला. एका संध्याकाळी आसावरी शाळेतून शिक्षिकेला भेटून आली आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली. केदारनं विचारलं, “काय म्हणाल्या मिसेस हॉलवे?”

“म्हणाल्या, गोड मुलगी आहे. गणितात पुढे आहे, लिहितेसुद्धा छान. पण केदार, वर्ष उलटलं, वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. प्रश्न विचारला की मान खाली. म्हणे, प्रोजेक्टच्या दिवशी दोन मिनिटं तरी बोलली पाहिजे. नाहीतर नाताळच्या सुट्टीनंतर तिला रोज तासभर वर्गाबाहेर काढून दुसऱ्या बाईंकडे बसवणार.”

“मग बसू दे की. मदतच होईल.”

“तिला नकोय ते! गाडीत केवढी रडली. मेगन नावाच्या मुलीशेजारची जागा तिला कशीबशी मिळालीये. आता उठून बाहेर गेलं की मुलं काय समजतील, सांग?”

दाराआड सावनी उभी होती. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. चौथीचा वर्ग अमेरिकेतल्या वसाहतींचा काळ शिकत होता आणि प्रत्येक मुलाला त्यातलं एकेक साल चिठ्ठीतून आलं होतं. त्या एका वर्षात इथे काय झालं आणि बाकीच्या जगात काय झालं, ते वर्गापुढे सांगायचं. सावनीच्या चिठ्ठीत होतं १६७४.

केदार खुर्चीवरून उठलाच. “सोळाशे चौऱ्याहत्तर! अगं, राज्याभिषेक! सावनी, तुला कळतंय का तुला काय मिळालंय ते?”

“आय नो, बाबा. इट्स जस्ट अ यिअर.”

“जस्ट? जस्ट म्हणे!”

आणि मित्रांनो, इथेच या दोन प्रेमळ माणसांची चूक झाली. लहानपणी दोघांनीही वक्तृत्व स्पर्धेत ढाली मिळवल्या होत्या. मुलांना बोलतं करायचा त्यांना ठाऊक असलेला एकच उपाय म्हणजे पाठांतर! केदारनं ऑफिसात रंगीत पानं छापून तीन घड्यांचा मोठा फलक सजवला. आसावरीनं इंग्रजीत दोन पानी भाषण लिहिलं. सुरुवात अशी : “माननीय शिक्षिका आणि माझ्या प्रिय मित्रमैत्रिणींनो.” मग रोज संध्याकाळी भाजी परतता परतता ती सूचना देई, “मान वर. ‘सिंहासन’ म्हणताना हात वर. पुढे? बत्तीस मण सोन्याच्या पुढे काय?”

सावनी म्हणत असे. शब्द बरोबर असत, पण आवाज आत आत जाई.

शाळेतून आल्यावरचा अर्धा तास मात्र आमचा दोघांचा होता. सावनी मला गालिच्यावर घेऊन पालथी पडे, शेजारी ग्रंथालयाची पुस्तकं उघडी. तिनं आईच्या पाकिटातल्या टिकल्या काढल्या होत्या आणि त्या वर्षी जिथे जिथे काही घडलं, तिथे ती एकेक चिकटवी.

“बघ,” ती मला मराठीत सांगे, “इथे रायगडावर राजा झाला. इथे लंडनजवळ डच आणि इंग्रजांची भांडणं मिटली. मग इथलं न्यूयॉर्क डचांनी परत देऊन टाकलं, पूर्ण गाव! इथे हॉलंडमध्ये एका कापडवाल्यानं तळ्याचं पाणी भिंगातून पाहिलं, तर त्यात एवढे एवढे जीव वळवळत होते. आणि इथे एक फ्रेंच धर्मगुरू आजारी पडला, म्हणून झोपडीत राहिला थंडीभर. तिथे पुढे शिकागो झालं.”

माझं जन्मगाव! माझ्या अंगावर काटा आला असता, पण पुठ्ठ्याला काटा येत नाही.

एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, “सावनी, माझ्या मरून रंगाच्या टिकल्या त्या! एका पाकिटातल्या पाच गेल्या? पुरे आता खेळ, भाषण म्हणून दाखव पाहू.”

खेळ! मी ओरडून सांगणार होतो, पण मला तोंड कुठे आहे?

प्रोजेक्टच्या दिवशी पालकांना दुपारी बोलावलं होतं. केदारला सुट्टी मिळाली नाही. आसावरीनं एका हातात फलक आणि दुसऱ्या हातात मला घेतलं. सावनीचा हट्टच होता, “हा पण येणार.” वर्गात फलक मांडला आणि मला टेबलाच्या कडेला ठेवलं.

सावनीची पाळी आली. ती ताठ उभी राहिली. “रिस्पेक्टेड टीचर अँड माय डिअर...” इतकं आलं आणि थांबलं. मागच्या ओळीत आसावरीचे ओठ पुढचा शब्द म्हणत होते. सावनी त्या ओठांकडे बघत राहिली आणि तिचे स्वतःचे घट्ट मिटले. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. कुणीतरी खुर्ची सरकवली.

मिसेस हॉलवे हळूच म्हणाल्या, “काही हरकत नाही, सावनी. बस हं तू जागेवर.”

ती मागे सरकली, टेबलाला धक्का लागला आणि मी पडलो. दक्षिण पॅसिफिकवर आपटलो, मला धरून ठेवणाऱ्या धातूच्या कमानीतून निसटलो आणि गडगडत निघालो. मेगननं, कुणीही चेंडू अडवील तसं, सहज बूट पुढे करून मला अडवलं.

“नो! नॉट विथ युअर फूट!”

सगळा वर्ग वळला. हा आवाज कुणाचा, हे कुणाला कळेना. सावनी धावत आली, तिनं मला उचललं, बोटं माझ्या अंगाला लावून कपाळाला टेकवली आणि मगच तिला कळलं की तीस जण आपल्याकडे बघताहेत.

मेगननं विचारलं, “हे काय केलंस तू?” तिच्या विचारण्यात टिंगल नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं.

सावनीनं मला छातीशी धरलं. “सॉरी म्हटलं त्याला. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी म्हणतात.”

“पण पाय माझा लागला!”

“मग तुझ्यासाठी मी म्हटलं.”

वर्ग हसला, पण तिच्याबरोबर. मेगन वाकून माझ्याकडे पाहू लागली. “आणि हे लाल ठिपके?”

मागे आसावरी उठायला निघाली होती. मुलीचं वाक्य पुरं करायला तिचं तोंड उघडलंही होतं. मग मी पाहिलं, ती परत बसली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शूर माणसं नकाशावर मिरवली, पण इतकं धैर्य फार थोड्यांत पाहिलं.

सावनी खाली जमिनीवरच बसली, मला मांडीत घेऊन, आणि बोलू लागली. रायगड, लंडन, न्यूयॉर्क, तळ्यातले जीव, शिकागोची झोपडी. मुलं जागा सोडून भोवती आली.

मेगन म्हणाली, “मग त्या राजाला ठाऊक होतं का, की न्यूयॉर्क इंग्रजांना मिळालं?”

हे भाषणात नव्हतं. सावनी विचार करत राहिली. कुणी घाई केली नाही.

“राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील आला होता,” ती म्हणाली. “तह झाला फेब्रुवारीत आणि राज्याभिषेक जूनमध्ये. पण तेव्हा सुएझचा कालवा नव्हता.” तिचं बोट लंडनहून निघालं, आफ्रिकेच्या कडेकडेनं खाली खाली गेलं, टोकाला वळसा घालून हिंदी महासागर ओलांडत वर आलं. तीस डोकी त्या बोटाबरोबर वळली. “पत्राला सहा-आठ महिने लागायचे. म्हणजे मला वाटतं, त्या वकिलालाही अजून ठाऊक नसणार. बातमी निघाली होती, पण तेव्हा ती इथे कुठेतरी समुद्रातच होती.”

मिसेस हॉलवेंनी वही उघडली. त्यांनी तीत काहीतरी लिहिलं, मग लिहिलेलं जुनं काहीतरी खोडलं.

परतताना गाडीत सावनी म्हणाली, “आई, आय डिडन्ट से द स्पीच. आर यू मॅड?”

“नाही गं राणी.” आसावरीनं गाडी सुरू केली आणि लगेच बंद केली. डोळे पुसल्याशिवाय तिला समोरचं दिसेना. तेवढ्यात केदारचा फोन आला. “झालं का भाषण?”

“नाही झालं. गप्पा झाल्या. खूप वेळ.”

नाताळच्या सुट्टीनंतर सावनी मेगनशेजारीच बसली. त्या दुसऱ्या बाईंकडे तिला जावं लागलं नाही. दोन पानी भाषण आसावरीनं फाडलं नाही, पण पुन्हा म्हणायलाही लावलं नाही.

आज माझ्या दक्षिण पॅसिफिकला खोक पडली आहे आणि कमान सैल झाली आहे. केदार डिंक घेऊन मागे लागतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्यानं पुसा, आणि अधूनमधून फिरवा. पण त्याहून मोठी माझी विनवणी दुसरीच आहे. तुमच्या वर्गात एखादं मूल गप्प असेल, तर त्याला एक साधा, खरा प्रश्न विचारा आणि मग थांबा. त्याच्या तोंडात शब्द घालू नका. त्याचं उत्तर निघालेलं असतं, मित्रांनो. आफ्रिकेला वळसा घालून येत असतं.