पंगतीच्या दारातला रॅक

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या गोष्टीवर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही. मोठ्या माणसांचा तर मुळीच बसत नाही. ती मला नुसत्या चार फळ्या समजतात. पण मी एक जुना चपलांचा रॅक आहे आणि गेल्या जुलैमध्ये बुडायला निघालेली एक अख्खी पंगत मी वाचवली. मी. एकट्याने. हसू नकोस श्रिया, पुढे ऐक.

माझा जन्म शहराबाहेरच्या टाकानिनीतल्या एका गॅरेजात झाला. कॉलनी नवीकोरी, घरं सगळी सारखी. इतकी सारखी की या श्रियाच्या बाबाने, म्हणजे प्रसादने, पहिल्या महिन्यात दोनदा शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावून बघितली होती. हा प्रसाद पुण्याचा इंजिनिअर. कॉम्प्युटरवर माझं चित्र काढायला त्याने तीन आठवडे घेतले आणि मला ठोकायला एक दुपार. म्हणून चित्रात मी सरळ उभा आहे आणि प्रत्यक्षात माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड आहे. लाकूड मात्र अस्सल. इथल्या हजार वर्षांच्या काउरी वृक्षाचं. त्याच्या सावलीत मोआ पक्षी दुपारची झोप काढायचे.

"मोआ आर एक्स्टिंक्ट," श्रिया म्हणाली. "आणि बाबा म्हणतो तू पॅलेटचा आहेस."

माल ठेवायचं पॅलेट काय लोखंडाचं असतं? लाकडाचंच ना? झालं तर मग.

तिथून मला गाडीच्या टपावर बांधून शहरातल्या सँडरिंगहॅमला आणलं. मुख्य रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानामागे आपल्या लोकांचा हा छोटा हॉल. रविवारी मराठी शाळा, गुरुवारी भजन, अधूनमधून कोणाचं बारसं. आत स्वच्छ पुसलेली फरशी, त्यावर सतरंज्या, कोपऱ्यात देव. बाहेर दारातच मी. माझ्या डोक्यावर लॅमिनेट केलेली पाटी होती, मराठीत आणि इंग्रजीत: 'कृपया बूट-चपला येथे काढा.'

काय दिवस होते ते! दिवाळीच्या कार्यक्रमाला माझ्या चार फळ्यांवर एकशे चाळीस जोड मावले. श्वास धरून उभा होतो. एकदा वेलिंग्टनहून एक पाहुणे आले. त्यांनी बूट काढले तर त्यांतून वेलिंग्टनचा तो प्रसिद्ध वारा असा काही सुटला की सगळ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, उडाल्या आणि थेट मिठाईच्या दुकानात जाऊन पडल्या. त्यातली एक अजून सापडलेली नाही. दिवाळीच्या भाषणात प्रमुख पाहुण्या म्हणाल्या होत्या, "दारातली ही शिस्त पाहूनच मन भरून आलं." शिस्त म्हणजे मी, मित्रांनो. तेव्हापासून माझी मान जी वर गेली ती बरेच दिवस खाली आलीच नाही.

मग सुरू झाली पंगत.

झालं असं की मे महिन्यातल्या एका पूजेच्या महाप्रसादाचा पुलाव उरला. तो डब्यांत भरून प्रसाद आणि आणखी पाच-सहा जणांनी दुकानांच्या आडोशाला, पार्कात, बसस्टॉपवर राहणाऱ्या माणसांना नेऊन दिला. परत आल्यावर सगळे एकमेकांची पाठ थोपटत होते. प्रसादची आई तेवढी रिकामे डबे घासत होती. स्नेहलताकाकू, म्हणजे श्रियाची आजी, चाळीस वर्षं शाळेत शिकवून इथे मुलाकडे राहायला आलेल्या. पुढच्या मीटिंगला त्या म्हणाल्या, "उरलेलं द्यायचं नाही. ताजं करायचं. आणि हातात डबा कोंबून पळून यायचं नाही. घरी आलेल्या माणसाला आपण दारातून वाटेला लावतो का? बसवायचं, वाढायचं, हवं-नको विचारायचं."

त्यातून दर शनिवारची पंगत सुरू झाली. भाज्या चिरायला चार जण, पातेलं उचलायला दोन. घर नसलेल्या कोणीही यावं, सतरंजीवर बसून पोटभर जेवावं, इतका साधा हिशेब.

पण कोणी बसेचना.

माणसं यायची. हॉलच्या पायरीपर्यंत यायची, माझ्याकडे बघायची, पाटी वाचायची, आणि म्हणायची, "बाहेरच द्याल का?" ताट घेऊन भिंतीला टेकून पावसात उभी राहून जेवायची. आत सतरंज्या मोकळ्या.

स्नेहलताकाकूंनी ठरवलं, दोष तिखटाचा. पुढच्या शनिवारी मिरची गेली. तरी कोणी बसलं नाही. मग गोडा मसाला गेला. मग फोडणीतला हिंग. चौथ्या शनिवारी आमटी अशी झाली होती की ती कुठल्याही दवाखान्यात चालली असती.

"आई, आता फक्त पाणी काढायचं राहिलंय," प्रसाद म्हणाला.

"तू गप रे! त्यांना सवय नसते मसाल्याची."

मीही तेच समजत होतो. त्यांचा एकही बूट कधी माझ्यावर आला नव्हता, मग मला तरी काय कळणार? उलट वाटायचं, माझा रुबाब बघून बिचारे बिचकतात.

अशात हॉलच्या कमिटीचे जगदीश आले. माणूस वाईट नाही, पण हातात कायम रजिस्टर. "काकू, शनिवार आम्ही तुम्हाला बसून जेवणाऱ्यांसाठी दिला. इथे बसतंय कोण? झुंबावाले दोन महिने मागे लागलेत. महिनाअखेर वीस माणसं आत बसलेली दिसली नाहीत, तर मला शनिवार त्यांना द्यावा लागेल."

"वीस ना? बसवते," काकू म्हणाल्या. पण जगदीश गेल्यावर एकट्याच रिकाम्या सतरंजीवर बसल्या. तो चेहरा, मित्रांनो, मी दारातून पाहिला.

जुलैच्या शेवटून दुसऱ्या शनिवारी कडाक्याची थंडी होती; इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. रेवी नावाचे एक गृहस्थ आले. साठीचे असतील, रुंद खांदे, पाठीवर ब्लँकेटची वळकटी, पायात जाड तळाचे जुने बूट. ते दर शनिवारी यायचे, "कीया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणून हसायचे, ताट घ्यायचे आणि जायचे. त्या दिवशी ताट घेऊन ते फुटपाथवर पोचले आणि काकूंच्या लक्षात आलं की त्यांच्या ताटात आमटी वाढायचीच राहिली.

काकू धावल्या! एका हातात आमटीचं भांडं, दुसऱ्या हातात डाव, अंगावर ॲप्रन आणि पाय अनवाणी. ओल्या फुटपाथवर, जुलैच्या गारठ्यात!

"थांबा! आमटी! आमटी राहिली!"

रेवी थांबले. त्यांनी आमटी घेतली आणि काकूंच्या पायांकडे बघितलं. ते इंग्रजीत बोलले, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"फाएआ, तुझे बूट कुठे आहेत?" फाएआ म्हणजे त्यांच्या माओरी भाषेत मावशी, आई.

"ते काय, तिथे. रॅकवर."

"पाय निळे पडलेत तुझे."

"आत जाऊन पुसेन. तुम्ही या ना आत! दर वेळी असे बाहेरच जेवता. आवडत नाही का आमचं जेवण? तिखट लागतं?"

रेवी हसले. "तिखट? फाएआ, पहिल्या शनिवारी मस्त होतं. आता कशालाच चव नाही. मला वाटलं तुमचा मसाला संपला."

काकूंचा डाव हवेतच राहिला. "मग आत का येत नाही?"

रेवींनी ताट भिंतीच्या कठड्यावर ठेवलं. म्हणाले, "आमच्यातही सभाघरात बूट बाहेर काढतात. लहानपणापासून काढत आलोय. चांगली रीत आहे. पण मागच्या हिवाळ्यात एका रात्री मी बूट काढून उशाशी ठेवले आणि सकाळी ते नव्हते. अकरा दिवस मी प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून चाललो. बूट नसलेल्या माणसाला बसमध्ये घेत नाहीत, कामावर घेत नाहीत. तू अनवाणी धावत आलीस, कारण तुझे बूट तिथे राहणार आहेत हे तुला माहीत आहे. मला ते कधीच माहीत नसतं. माझं घर म्हणजे हे बूट. ते तुझ्या दारात ठेवून आत कसा येऊ?"

मग ताट उचलून ते हळू म्हणाले, "आणि मोज्यांचं तर विचारूच नकोस. चारचौघांत काढायच्या लायकीचे नाहीत."

काकू परत आल्या. पाय पुसले नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, मित्रांनो, की माझी मान पहिल्यांदाच खाली गेली. आमटी, हिंग, मिरची, सगळ्यांवर आळ येऊन गेला होता. आणि दारात उभं राहून माणसांना परत पाठवत होतो मी!

त्या आठवड्यात मीटिंग झाली.

"बुटांसकट पंगत?" जगदीश म्हणाले. "काकू, देव आहेत कोपऱ्यात. मुलं त्याच सतरंजीवर बाराखडी शिकतात."

"टोकन देऊ," प्रसाद म्हणाला. "प्रत्येक जोडाला नंबर. मी छोटंसं ॲप करतो."

"टोकन हातात देऊन काय सांगणार रे त्यांना? तुमचे बूट इथून चोरीला जाऊ शकतात असं आम्हालाही वाटतं, असं?"

प्रसादने हातातला फोन खिशात घातला.

"आणि माझं काय चुकलं सांगू?" काकू म्हणाल्या. "महिनाभर मी मसाले काढत बसले. एकदा तरी त्यांना विचारलं का?"

निर्णय झालाच नाही. सगळे आपापले बूट माझ्यावरून उचलून, मान खाली घालून घरी गेले.

आता ऐका खरी गंमत. इथूनच माझा पराक्रम सुरू होतो.

शेवटच्या शनिवारी, अगदी सकाळी, हॉलमध्ये चिटपाखरूही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, बस्स. एक पाय उचलला. मग दुसरा. डावा आखूड, म्हणून लंगडत, पण चाललो! उंबऱ्याशी अडलो तेव्हा पोट आत ओढून घेतलं. डोक्यावरची पाटी मी स्वतः झटकून टाकली. मला येताना पाहून सतरंज्या घाबरल्या आणि आपल्या आपण गुंडाळल्या गेल्या. मागच्या सामानाच्या खोलीतल्या टेबलांना मी हाक मारली, "चला रे, खुर्च्या घेऊन या!" आणि मी थेट समोरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो, प्रत्येक खुर्चीवरून दिसेन असा. देवांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. शपथेवर सांगतो.

अकरा वाजता वाढणारी मंडळी आली आणि सवयीने बूट काढायला वाकली.

"काढू नका," काकू म्हणाल्या. "आज कोणीच अनवाणी नाही. आपण मोज्यांवर आणि ते बुटांत, असं झालं की तेच परके ठरतात."

बारा वाजता रेवी पायरीवर आले. दारात मी नाही! त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग आत डोकावले. काकू नुसत्या म्हणाल्या, "या." रेवींनी पायपुसण्यावर बूट घासले, तीनदा, चारदा, आत आले, वळकटी माझ्या वरच्या फळीवर ठेवली आणि तिच्यासमोरची खुर्ची घेतली. वळकटी नजरेसमोर, बूट पायात, ताट पुढ्यात.

पहिला घास घेऊन ते मोठ्याने म्हणाले, "मसाला सापडला!"

त्यांच्यामागून एक बाई आली, दोन पिशव्या घेऊन. मग दोघं भाऊ. मग बसस्टॉपवरचा तो अबोल माणूस. माझ्या फळ्या भरत गेल्या: पिशव्या, ब्लँकेटं, एक गिटार, कोणाच्या तरी आईचा फोटो. एकशे चाळीस जोडांचं ओझं मी पेललं होतं, पण इतकं जड काही माझ्यावर कधी आलं नव्हतं.

एक वाजता जगदीश आले. सवयच ती, दारात त्यांनी बूट काढले. ठेवायला बघतात तर रॅक नाही! नवे, चकाचक बूट. पायरीवर ठेवायचा धीर होईना. शेवटी बूट हातात घेऊनच आत आले. माणसं मोजली. तेवीस. बसायला एकच खुर्ची उरली होती, रेवींच्या शेजारी. जगदीश बसले. बूट मांडीवर, नजर बुटांवर.

रेवींनी त्यांच्याकडे बघितलं, मग बुटांकडे. "भाऊ, घाल ते पायात. दोन्ही हात मोकळे असले की जेवण जास्त गोड लागतं."

जगदीशचे कान लाल झाले. त्यांनी बूट घातले, लेस बांधली आणि रजिस्टर खुर्चीखाली सरकवलं. त्यांना आमटी दोनदा वाढावी लागली. झुंबावाल्यांना मंगळवार मिळाला. शनिवार पंगतीचाच राहिला. रेवींना काकू दर वेळी मोज्यांचा नवा जोड देतात, कागदात गुंडाळून, कोणाला दिसणार नाही असा.

तर मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझा तिसऱ्या फळीचा खिळा सैल झालाय, कोणी लक्ष देत नाही. जमलं तर जरा ठोकून घ्या. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. तुमच्या दारापर्यंत येऊन कोणी परत फिरत असेल, तर जेवणाला नावं ठेवण्याआधी त्यालाच विचारा. आणि दारात आडवं काय उभं आहे ते बघा. त्या आडव्या वस्तूला थोडी जरी लाज असेल, तर ती आपण होऊन उठेल आणि चालू लागेल, जसा त्या सकाळी मी, कोणाच्याही मदतीशिवाय, माझ्या स्वतःच्या चार पायांवर...

"खोटं!" श्रिया उभी राहिली. "टोटली खोटं! मी अँड बाबा कारमधून पातेलं काढत होतो, मी पाहिलं. तुला आजीने ढकललं. एकटीने! बाबा हेल्प करायला गेला तर नको म्हणाली. अँड यू नो व्हॉट? आजीच्या पायात शूज होते! मातीवाले! हॉलच्या आत, देवासमोर, आजीने शूज घातले होते!"