मुहूर्ताचा कापूस

चंद्रशेखरनी डोळे मिटून रोलरच्या खाचेवरून कापसाचा पेळू ओढला. पेळू अर्ध्यावर अडकला आणि तुटला. त्यांनी डोळे उघडून लेकीकडे पाहिलं.

"हाही अडकून राह्यला. तुह्या कॉम्प्युटरले समजूनच नाही राह्यलं."

अनघाने तुटलेला पेळू उचलून बाजूला ठेवला. आर्णीच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये चार अक्षांची मिलिंग मशीन आली ती तिच्याच हट्टाने. सरकीपासून रुई ओढून काढणाऱ्या जिनिंगच्या चामडी रोलरवर गोल फिरत जाणारी खाच बाबा जन्मभर हाताने पाडत आले होते. आता त्यांचा खांदा कामातून गेला होता. पुन्हा पटाशी धरली तर हात कायमचा अधू होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीनला रोलर फिरवत फिरवत खाच पाडता येत होती, पण कटर कुठून कसा न्यायचा हे सांगणारं कॅम सॉफ्टवेअर हवं होतं. अनघाने दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर चाचणीसाठी घेतली होती. एक रोलर थोडा फिरवून थांबे, कापे, पुन्हा फिरवे. दुसरं फिरवणं आणि कापणं एकदमच करी. पडद्यावर दोन्हींची खाच लोण्यासारखी दिसे, आणि विक्रेते फोनवर त्याहून मऊ बोलत. चाचणीची मुदत उद्या संपत होती. ढाणकीचा जिनिंगवाला नमुन्याची वाट पाहत होता.

पास-नापास ठरवायचं ते बाबांनी, आणि त्यांच्याच रीतीने. हंगामाच्या मुहूर्ताला जिनिंगवर कापसाच्या पहिल्या गाडीपुढे नारळ फुटला, की त्या गाडीतला ओंजळभर कापूस ते मागून आणत. सरकी काढून त्याचे पेळू वळत आणि वर्षभर प्रत्येक रोलर त्यावरच पारखत. तेही डोळे मिटून, कारण ओढ बोटांना कळते, डोळे उगाच मध्ये लुडबुडतात, असं त्यांचं म्हणणं.

यंदाची ओंजळ बोंडअळीच्या तावडीतून कशीबशी सुटलेली होती. पिवळट, आखूड धाग्याची. नुसती चिमटीत धरली तरी तुटायची. अनघाने दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये कटरची वाट पुन्हा पुन्हा बदलून पाहिली होती, पण पेळू अडकायचा तो अडकायचाच.

"बाबा, कापूसच खराब असन तर?" तिने शेवटी विचारलं.

"जिनिंगमंदी यंदा हाच कापूस येणार हाये. दुसरा कुठून आणू?"

तिला रडू येऊ लागलं आणि त्या रडण्याचा रागही आला.

"अजून एक रोलर पाहाचा हाये," ती म्हणाली.

त्यांनी नवा पेळू घेतला, डोळे मिटले. तिने मागच्या फळीवरचा रोलर उचलून घोडीवर ठेवला. दिसायला तो इतरांसारखाच होता. खांदा जायच्या आधी बाबांनी हाताने पाडलेला हा शेवटचा रोलर; अशाच रोलरांवर ढाणकीची जिनिंग कित्येक हंगाम चालली होती. पेळू सरळ सरकावा, असं तिला मनापासून वाटत होतं. दोष सॉफ्टवेअरचा निघाला, तर निदान दुसरं शोधता आलं असतं.

पेळू अर्ध्यावर अडकला आणि तुटला.

"हा तं त्याहून वाईट," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "कोन्या सॉफ्टवेअरचा हाये?"

रोलरच्या टोकाला लोखंडावर त्यांनी स्वतः कोरलेला 'चं' होता. अनघाने त्यावर तळहात ठेवला.

"तिसऱ्या कंपनीच्या."

"मंग तेही नको घेऊ."

त्यांनी डोळे उघडले आणि बोटांना चिकटलेले तंतू पायजम्याला पुसले.

"राहू दे सारं. उद्यापासून मीच पाडतो हातानं."

भिंतीवर टांगलेली पटाशी काढायला त्यांनी हात वर केला. तो खांद्याच्या वर जाईना. त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला, तरीही जाईना. मग वळून ते लेकीकडे पाहू लागले.

पटाशी काढून द्यायला तिला तळहात उचलावा लागला असता.