सळईला कळले होते

मी एक जुनी अंजनाची सळई आहे, मित्रांनो. बोटभर लांब, जस्ताची, दोन्ही टोकांना गुळगुळीत. मला हातात घेण्याआधी माझी गोष्ट पुरती ऐका, कारण माझ्यामुळे एका बाईचा डोळा गेला आहे.

अणदूरच्या गंगम्माने मला तुळजापूरच्या बाजारातून आणले, तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. गंगम्माच्या हाताला गुण आहे, असे गाव म्हणायचे. चुलीच्या धुराने, रानातल्या धुळीने, जागरणाने लाल झालेले डोळे तिच्या ओट्यावर येत. एका उन्हाळ्यात तर गावभर डोळे आले. गंगम्मा मला काजळात बुडवी, एकाच्या चिकट डोळ्यातून फिरवी, पदराला पुसी आणि तशीच दुसऱ्याच्या डोळ्यात घाली. आठ-दहा दिवसांत डोळे आपोआप निवळले, कौतुक मात्र माझे झाले. मीही फुगले. आजार घरोघर मीच पोचवत होते, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मग चव्वेचाळीस सालचा फाल्गुन आला. खळ्यावर ज्वारी उपणताना गंगम्माची सून शिवम्मा हिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेले. गंगम्माने माझ्याच टोकाने ते काढले आणि वर अंजन भरले. दुसऱ्या दिवशी तो डोळा इंगळासारखा लाल झाला. डावा मात्र स्वच्छ होता.

"आत्याबाई, लई ठणकतंय. उजेड सोसंना," शिवम्मा कण्हत म्हणाली.

"डोळे आलेत गं. आठ दिस कळ काढ," असे म्हणून गंगम्माने मला पुन्हा आत फिरवले.

तिसऱ्या दिवशी माझे टोक बुबुळावर अडखळले. तिथे बारीक खड्डा पडला होता. हे डोळे येणे नव्हे, बुबुळाला जखम झाली आहे, हे मला कळले, पण सळईला तोंड कुठले!

शिवम्माचा नवरा वीरप्पा आईला म्हणाला, "हिला सोलापूरच्या दवाखान्यात दाखवू का?"

"माझ्या हातावर इश्वास न्हाय व्हय तुझा?" गंगम्मा कडाडली. वीरप्पा बैलांना वैरण घालायला निघून गेला आणि मी आणखी चार दिवस त्या खड्ड्यावरून फिरत राहिले.

सातव्या दिवशी सकाळी शिवम्मा सासूसमोर येऊन उभी राहिली. तिने डावा डोळा हाताने झाकला.

"आत्याबाई, तुमचं तोंड दिसंना झालंय."

गंगम्माच्या हातून मी खाली पडले. त्याच घटकेला वीरप्पाने गाडी जुंपली. सोलापूरचे डॉक्टर एवढेच म्हणाले, "ठणका लागला त्याच दिवशी आणायचं होतं." शिवम्मा परतली ती बुबुळावर पांढरे फूल, कधी न जाणारा डाग, घेऊनच; त्या डोळ्याने तिला पुन्हा दिसले नाही.

गंगम्माने पुन्हा मला काजळात बुडवले नाही. लाल डोळ्याचे माणूस आले, की ती त्याचा चांगला डोळा झाकी आणि विचारी, "माझं तोंड दिसतंय का नीट?" माणूस अडखळले, की ती शिवम्माकडे न बघता म्हणे, "गाडी जुपा. आत्ताच्या आत्ता."

मित्रांनो, डोळा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, दिसणे अंधुक झाले असेल, डोळ्यात काही गेले असेल, तर कळ काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी अजून कोणाच्या तरी फडताळात पडून आहे. माझी टोके अजून गुळगुळीत आहेत. सापडले, तर मला डोळ्याजवळ नेऊ नका.