लाइटवाली आजी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. जुन्या काळातले जपान आहे. दिवस मावळला आहे. नदीवर लाकडी पूल आहे, पुलाखाली दाट धुके आहे आणि त्या धुक्यात काहीतरी श्वास घेत आहे. आता पुलाच्या तोंडाशी, चित्राच्या अगदी कडेला बघा. एका हातात कागदी कंदील आणि दुसरा रिकामा हात पुढे पसरलेली एक वाकलेली म्हातारी दिसली का? नसेल दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. ती सहसा कोणाला दिसत नाही.

ती मी. मी एका जुन्या जपानी चित्रकथेतली कंदीलवाली आहे.

माझ्या चित्रकाराने आधी नायक काढला. नायक म्हणजे दरबारातला मांत्रिक, भुते उतरवणारा. त्याच्या झग्यावरच्या वेलबुट्टीला कित्येक दिवस लागले. मग त्याची बैलगाडी, त्याचे नोकर, नदीतली हडळ. मला मात्र त्याने उरलेल्या शाईत चार रेघांत उरकले. माझे कामही तेवढेच. बैलगाडी पुलाशी आली की मी म्हणायचे, "पुढे जाऊ नका." मांत्रिक माझ्याकडे न बघता पुढे जातो. हडळ सगळ्यांना पाण्यात ओढते. शेवटच्या चित्रात पूल रिकामा असतो आणि माझा कंदील वाऱ्याने विझलेला असतो. मांत्रिक कसा वाचला ते पुढच्या भागात असेल. तो भाग मी कधी पाहिला नाही.

किती जणांनी ते पुस्तक वाचले, आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगितले. ज्याला सगळे ठाऊक आहे आणि ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याच्यासारखे लाचार जगात कोणी नसेल.

एका जपानी इंजिनियरच्या सामानातून मी ओमानला, सोहारला आले. त्याचे तिथले काम संपले तेव्हा त्याने नको असलेल्या वस्तू इमारतीच्या जिन्यात ठेवल्या. तिथे तशीच रीत होती. ज्याला हवे त्याने न्यावे. पंखा एकाने नेला, कुकर दुसऱ्याने. मला शरीफभाईंच्या मुलीने, अदीबाने उचलले.

शरीफभाई रत्नागिरीकडचे. एका व्यापाऱ्याची, म्हणजे त्यांच्या अर्बाबची, व्हॅन चालवत आणि रुस्ताकच्या दुकानांना माल पोचवत. अदीबा इंडियन स्कूलमध्ये चौथीत होती. खालच्या मजल्यावरची आकांक्षा तिच्याहून लहान. दोघींना जपानी येत नव्हते. त्यांनी पुस्तक आपल्या शाळेच्या पुस्तकासारखे डावीकडून उघडले, आणि मित्रांनो, माझी गोष्टच उलटी झाली. आधी विझलेला कंदील. मग पाण्यातून एकेक माणूस वर आला. मग माझा कंदील पेटला, आणि बैलगाडी पाठीमागे सरकत सरकत गावाकडे गेली.

"बघ, लाइटवाली आजीने लाइट ऑन केली," आकांक्षा म्हणाली. "आता सगळे होम."

"आंघोळ करून," अदीबा म्हणाली.

मला पहिल्यांदाच नाव मिळाले होते. त्या वर्षी मी फार सुखात होते.

मग एकदा अदीबाची अम्मी, सफूरा, तिचा अरबीचा धडा घेत होती. तिची नजर माझ्यावर पडली. "अगो, हे उलटं वाचताय तुम्ही. जपानी पण अरबीसारखं उजवीकडून असतं. हा बघ, पहिला पान इथे."

अदीबाने उजवीकडून वाचले. शेवटच्या पानावर पूल रिकामा होता. तिने पुस्तक कपाटावर टाकले. तिथे माझ्यावर धूळ बसत गेली.

नंतरच्या हिवाळ्यात शरीफभाई एका सकाळी माल घेऊन रुस्ताकला निघाले. सोहारला लख्ख ऊन होते. पण डोंगरात पाऊस कोसळला आणि वादीला पूर आला. वादी म्हणजे तिथली कोरडी नदी. एरवी तिच्यातून रस्ता जातो. पाणी आले की घटकाभरात गाड्या वाहून नेते. शरीफभाईंचा फोन लागेना. संध्याकाळी कोणीतरी निरोप दिला की एक पांढरी व्हॅन वाहून गेली.

"पांढरी व्हॅन काय एकच आहे ओमानात?" सफूरा म्हणाली आणि पुन्हा नंबर फिरवू लागली.

आकांक्षा वर आली होती. तिने खुर्चीवर चढून मला खाली काढले आणि डावीकडून उघडले.

"ते राँग आहे," अदीबा म्हणाली. "रिअल स्टोरीत कोणीच परत येत नाही."

"मग आपण राँगच वाचू."

अदीबा तिच्या शेजारी येऊन बसली. मग वाचू लागली. पाण्यातून एक माणूस वर आला. दुसरा आला. सफूरा फोन कानाशी धरून ऐकत होती. मी कागदावर उभी होते. मला एकच पूल ठाऊक होता, आणि खऱ्या नदीवर ओरडायला माझ्याकडे आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजले. शरीफभाई उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. फोन पाण्यात पडून बंद झाला होता.

"वादीच्या काठावर एक ओमानी म्हातारा टॉर्च घेऊन रस्त्यात आडवा उभा," ते चहा पिताना सांगू लागले. "म्हणाला, जाऊ नको. मी म्हटलं, बाबा, अर्बाब ओरडेल, माल पोचवायचाय. तर त्याने खिडकीतून हात घालून चावीच काढून घेतली. मी शिव्या घातल्या त्याला. तेवढ्यात माझ्या बाजूने एक पांढरी व्हॅन पुढे गेली..." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याने पाणी उतरल्यावरच चावी दिली."

सफूराने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मित्रांनो, माझे पान आता पिवळे पडले आहे आणि शिलाई सुटत आली आहे. तुमची पुस्तके जपा, एवढे तर मी सांगीनच. पण वाचताना चित्राच्या कडेलाही बघा. तिथे कोणी कंदील धरून उभे असेल, तर ते काय म्हणते आहे ते ऐका.

त्या दुपारी अदीबाने मला मांडीवर घेतले आणि उजवीकडून, खऱ्या बाजूने उघडले. बैलगाडी पुलाशी आली होती. तिने कंपासपेटीतून पेन्सिल काढली, नीट टोक केले, आणि माझ्या रिकाम्या हातात व्हॅनची चावी काढली.