राठ केसांचा ब्रश

"माका मऊ नको, राठ दी," लवूतात्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कटलरीच्या दुकानातल्या देवेशने कपाळाला हात लावला.

"काका, अख्खं भांडुप मऊ मागतं. हा बघा, सिंथेटिक. लोण्यासारखा. केस गळत नाहीत, पटकन सुकतो. तो दुसरा डुकराच्या केसांचा. नीट भिजवला नाही तर गाल सोलून काढेल."

"तोच दी."

"शी! आबा, डुकराचे केस?" शेजारी उभी असलेली नात रुचिरा ओरडली. चाळीतली सगळी मांजरं तिच्याच जिवावर माजली होती. "त्या बिचाऱ्याच्या केसांनी तू दाढी करणार?"

"सकाळी बांगडो खाताना ही दया खंय गेल्ली?"

"बांगड्याचं वेगळं असतं."

"कसा वेगळा, ता बांगड्याक इचार."

देवेश हसला. तात्याही हसले, पण अर्ध्याच तोंडाने.

मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पुढे हात हलू लागला, पाय चालू लागला. डावा गाल तेवढा रुसून बसला. मध्ये एकदा हट्टाने स्वतः दाढी केली, तर पातं लागून बनियन लाल झालं आणि तात्यांना पत्ताच नाही. सून मानसी किंचाळली तेव्हा कळलं. तेव्हापासून रेझर जप्त, आणि दर रविवारी न्हावी घरी. गिरणीत पहाटेच्या पाळीलाही हा माणूस स्वतःच्या हाताने दाढी केल्याशिवाय गेला नव्हता. आता दुसऱ्यापुढे मान वर करून बसताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

न्हाव्याचा ब्रश गावभराच्या तोंडावरून फिरतो, मला माझा वेगळा हवा, असं घरी सांगून ते नातीला घेऊन आले होते. खरं कारण पोटातच होतं. डॉक्टर म्हणाले होते, गालाची जाणीव परत येईलही. त्या 'येईलही'वर तात्यांनी आठ महिने काढले होते. मऊ ब्रशने त्या गालाला काय जाग येणार? राठ केस टोचला की गाल आपला, आणि गाल आपला तर दाढीही आपल्याच हातची. एवढाच त्यांचा हिशेब होता.

त्यांनी डुकराच्या केसांचा ब्रश उचलला. "काका, तोंडाला नाही हां, नवा माल आहे," असं देवेश म्हणेपर्यंत तो उजव्या गालावरून फिरलासुद्धा. चांगलाच टोचला. तात्यांनी श्वास रोखला आणि ब्रश डाव्या गालाला लावला. एकदा. मग दाबून. मग कानापासून हनुवटीपर्यंत, रगडून.

काही नाही. जणू शेजाऱ्याच्या गालावर फिरवत होते.

"टोचतो ना?" रुचिराने विचारलं.

तात्यांनी ब्रश हळूच काउंटरवर ठेवला. "टोचता गो," ते म्हणाले. "खूप टोचता."

"बघ! मी काय सांगत होते? आणि गाल किती लाल करून घेतलास!" असं म्हणत तिने तळव्याने त्यांचा डावा गाल मायेने चोळला. तिचा हात तात्यांना फक्त काउंटरवरच्या आरशात दिसला.

"मऊच दी रे," ते देवेशला म्हणाले. "न्हाव्याक तोच बरो पडतलो."